विश्लेषण : ‘ब्रेक फेल’ झाला की होऊ दिला? गाडीचे ब्रेक पॅड निवडताना आणि बसवताना काय पाहायचं?

१३ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळची वेळ. कात्रजच्या बोगद्याकडून उतारावरून आलेल्या एका कंटेनरनं पुण्यातल्या नवले पुलाजवळ पुढच्या वाहनांना एकामागोमाग एक धडका दिल्या. वाहनांनी पेट घेतला. दोन अवजड वाहनांच्या मध्ये एक कार चिरडली गेली. या अपघातात आठ जणांचा जीव गेला आणि काही मिनिटांत मोबाइलवर दोन शब्द फिरू लागले : ‘ब्रेक फेल’.

हे दोन शब्द पुणेकरांना नवे नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ ला याच उतारावर एका ट्रकनं अनेक वाहनांना उडवलं, तेव्हाही सुरुवातीला हेच म्हटलं गेलं. पण चालकानं उतारावर इंजिनच बंद ठेवलं होतं, असं प्राथमिक तपासातून समोर आलं. मुंबईत ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टची बस गर्दीत घुसली. चालकानं ब्रेक फेल झाल्याचा दावा केला, पण आरटीओच्या तपासणीत ब्रेक चालू स्थितीत असल्याचं सांगण्यात आलं.

म्हणजे ‘ब्रेक फेल’ हे बहुतेक वेळा अपघाताचं कारण नसतं, तर कारणाच्या शोधाची सुरुवात असते. आणि हा प्रश्न फक्त ट्रक-बसपुरता नाही. खडकी, बोपोडी, दापोडी भागातून रोज जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं ऑफिसला जाणाऱ्या आणि रविवारी लोणावळ्याच्या घाटात उतरणाऱ्या साध्या कारचे ब्रेक शेवटचे कधी तपासले होते?

ब्रेक ‘फेल’ होतो म्हणजे नेमकं काय होतं?

कारचा ब्रेक समजायला सोपा आहे. पायानं पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक फ्लुइड (ज्याला गॅरेजमध्ये सरसकट ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात) पाइपमधून चाकापर्यंत दाब पोहोचवतं. चाकाजवळच्या कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात. घर्षण होतं, गाडीच्या वेगाची उष्णता होते आणि गाडी थांबते.

ही उष्णता किती? गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३० च्या वेगातल्या गाडीला थांबवताना जेवढी उष्णता तयार होते, त्याच्या चौपट ६० च्या वेगात होते. घाटात तर गाडी थांबतही नाही, उतार तिला सतत पुढे ढकलत असतो. अशा वेळी पाय ब्रेकवरच ठेवला, तर पॅड आणि डिस्क तापत जातात.

इथून पुढे तीन गोष्टी घडू शकतात. पहिली, पॅड इतके तापतात की त्यांची पकड कमी होते. पेडल घट्ट लागतं, पण गाडी हवी तशी थांबत नाही. याला ‘ब्रेक फेड’ म्हणतात. दुसरी, ब्रेक फ्लुइड उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पेडल मऊ होऊन थेट खाली जातं. तिसरी, पॅडचं मटेरियल आधीच संपलेलं असतं आणि लोखंडावर लोखंड घासू लागतं.

उतारावर पेट्रोल-डिझेल वाचवायला इंजिन बंद करण्याची सवय म्हणूनच घातक आहे. कारमध्ये ब्रेकला जोर देणारा बूस्टर बहुतेक वेळा इंजिनवर अवलंबून असतो. इंजिन बंद केल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखं कडक होतं. ट्रक-बसच्या एअर ब्रेकलाही लागणारी हवा इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसरच भरतो. शिवाय न्यूट्रलमध्ये किंवा बंद इंजिनवर गाडी सोडली, की गिअरमधून मिळणारं इंजिनचं ब्रेकिंग गमावलं जातं. मग सगळा भार पॅडवर येतो.

थोड्या झिजलेल्या ब्रेकनं असा काय फरक पडतो?

एक हिशोब पाहू. दोन गाड्या ताशी ६० किलोमीटरनं चालल्या आहेत. दोन्ही चालकांनी एकाच जागी ब्रेक दाबला. पहिल्या गाडीचे ब्रेक चांगले आहेत, तिचा वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंदानं कमी होतो. दुसरीचे ब्रेक कमजोर आहेत, तिचा वेग ५ नं कमी होतो.

पहिली गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते. दुसरीला जवळपास २८ मीटर लागतात. आठ मीटर म्हणजे दोन छोट्या कारची लांबी. पण खरी गोष्ट वेगळीच आहे : जिथे पहिली गाडी पूर्ण थांबली, त्या जागी दुसरी गाडी अजून ताशी सुमारे ३२ किलोमीटरच्या वेगात असते. त्या जागी रस्ता ओलांडणारं कुणी असेल, तर एकासाठी ते थोडक्यात वाचणं असतं आणि दुसऱ्यासाठी अपघात.

खासगी कारचे ब्रेक तपासतं कोण?

थोडक्यात उत्तर : जवळपास कुणीच नाही.

ट्रक, बस, टॅक्सी अशा व्यावसायिक वाहनांना ठरावीक काळानं फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. वाहन आठ वर्षांचं होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. ही तपासणी कागदावरच होते, अशा तक्रारी महाराष्ट्रात बरीच वर्षं होत्या. पुण्यातून झालेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं याची गंभीर दखल घेतली. ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटरचा ट्रॅक असलाच पाहिजे, हा मुद्दा त्यातूनच ऐरणीवर आला. पुण्यात त्यासाठी दिवे घाटाच्या वर, पुरंदर तालुक्यातल्या दिवे इथला ट्रॅक वापरात आला.

खासगी कारसाठी मात्र नियम सैल आहे. नव्या कारची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि तोवर तिला फिटनेस तपासणीची गरज नसते. पीयूसी काढावी लागते, पण त्यात तपासला जातो तो धूर. म्हणजे गाडी किती धूर सोडते हे ठरावीक मुदतीनं पाहिलं जातं, पण ती थांबते का, हे सरकारी यंत्रणा थेट १५ वर्षांनी पाहते. वॉरंटी संपली, कंपनीचं सर्व्हिसिंग सुटलं, की ब्रेकची जबाबदारी पूर्णपणे मालकावर आणि त्याच्या गॅरेजवर येते.

योगायोगानं खडकीतच लष्कराचं ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे. लष्करी सामग्रीची दुरुस्ती आणि ओव्हरहॉल हे तिथलं काम. यंत्र बंद पडायची वाट न पाहता वेळापत्रकानं त्याची देखभाल करायची, ही शिस्त त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या खासगी गाड्यांच्या वाट्याला क्वचितच येते.

खडकीसारख्या भागात पॅड लवकर का झिजतात?

पॅड किती किलोमीटर टिकतात, याचं एकच उत्तर नाही. साधारण ३० ते ५० हजार किलोमीटर असा अंदाज दिला जातो. पण पॅड किलोमीटरनं झिजत नाहीत, ब्रेक दाबण्यानं झिजतात.

हायवेवर शंभर किलोमीटर सरळ जाणाऱ्या गाडीला मोजक्या वेळा ब्रेक लागतो. बोपोडी ते खडकी पट्ट्यात सिग्नल, बस थांबे, रिक्षा, बाजारातली गर्दी यांतून वाट काढताना तोच ब्रेक दोन-तीन किलोमीटरमध्ये अनेकदा दाबावा लागतो. मेट्रोच्या कामाच्या काळात इथल्या वाहनचालकांनी वळसे आणि कोंडी बराच काळ सोसली. अशा ठिकाणी रोज चालणाऱ्या गाडीचे पॅड २०-२५ हजारांतही संपू शकतात.

त्यात पुढचे पॅड आधी जातात. ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि ब्रेकिंगचा मोठा वाटा तीच चाकं उचलतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या कारमध्ये पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रममध्ये पॅडऐवजी शू म्हणजेच ‘लायनर’ असतात. ते जास्त टिकतात, पण कायमचे नसतात.

पॅड बदलायची वेळ झाली, हे कसं ओळखायचं?

- जाडी : नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की बदलायची तयारी करावी. २ च्या खाली गेला तर वाट पाहू नये. मोजताना मागची लोखंडी प्लेट धरायची नाही. बऱ्याच अलॉय व्हीलमधून टॉर्च मारून बाहेरचा पॅड दिसतो, पण आतला पॅड जास्त झिजलेला असू शकतो. म्हणून चाक काढून पाहणं उत्तम.
- किंचाळी : अनेक पॅडना एक छोटी पट्टी असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून बारीक, कर्कश आवाज करते. पावसात किंवा गाडी धुतल्यावर सकाळी एक-दोनदा येणारा आवाज वेगळा, रोज येणारा वेगळा.
- करकर : लोखंड घासल्याचा जाड आवाज आला, तर पॅड संपले आहेत आणि आता डिस्क खराब होते आहे.
- ब्रेक फ्लुइडची पातळी : पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतली पातळी उतरते. अशा वेळी फक्त फ्लुइड भरून मोकळं होऊ नये, कारण शोधावं. पॅड झिजलेले नसतील, तर गळती असू शकते.
- गाडी एका बाजूला ओढणं, पेडल थरथरणं किंवा मऊ होणं : हे फक्त पॅडचं लक्षण नाही. कॅलिपर अडकणं, डिस्क वाकडी होणं किंवा लाइनमध्ये हवा असणं, यांपैकी काहीही असू शकतं.

कोणते पॅड घ्यायचे?

दुकानात तीन शब्द ऐकू येतात : ऑरगॅनिक, सेमी-मेटॅलिक आणि सिरॅमिक.

ऑरगॅनिक पॅडमध्ये तंतू, रेझिन, रबर अशा घटकांचं मिश्रण असतं. ते मऊ आणि शांत असतात, डिस्कला कमी घासतात. शहरातल्या वापराला पुरतात, पण खूप तापल्यावर पकड लवकर सोडू शकतात. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचं प्रमाण मोठं असतं. ते उष्णता जास्त सोसतात, म्हणून घाट किंवा जड गाडीसाठी बरे, पण आवाज, काळी भुकटी आणि डिस्कची झीज वाढते. सिरॅमिक शांत आणि स्वच्छ असतात, पण महाग. साध्या हॅचबॅकला त्यांची गरज असतेच असं नाही.

बहुतेक मालकांसाठी नियम साधा आहे : कंपनीनं गाडीला ज्या प्रकारचे पॅड दिले, त्याच प्रकारचे घ्यावेत. ‘रेसिंग’ लिहिलेले पॅड घेतल्यानं शहरातली गाडी लवकर थांबेलच असं नाही. रेसचे काही पॅड तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत.

पॅडच्या कडेवर किंवा मागच्या प्लेटवर छापलेली अक्षरंही वाचण्यासारखी असतात. ‘एफएफ’, ‘जीजी’, ‘एफई’ अशा जोडीतलं पहिलं अक्षर कमी तापमानातलं आणि दुसरं जास्त तापमानातलं घर्षण सांगतं. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफई’ असेल, तर तापल्यावर पकड घटते असा त्याचा अर्थ. ही अक्षरं दर्जाचं प्रमाणपत्र नाहीत, पण काहीच छापलेलं नसेल तर शंका घ्यायला जागा आहे.

युरोपात बदली पॅडसाठी ‘आर ९०’ हा नियम आहे. बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. भारतात विकल्या जाणाऱ्या काही ब्रँडच्या पॅडवरही हा शिक्का दिसतो. भारतीय मानक ब्युरोचं ब्रेक लायनिंगसाठीचं मानक आयएस २७४२ आहे.

ओरिजिनल की आफ्टरमार्केट?

गाडीची कंपनी स्वतः पॅड बनवत नाही. ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश यांसारख्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या या बाजारात आहेत. त्यांचे पॅड स्वतःच्या नावाच्या बॉक्समध्ये बरेचदा स्वस्त मिळतात. त्यामुळे ‘कंपनीचा नाही म्हणजे खराब’ हे खरं नाही. धोका आफ्टरमार्केटमध्ये नाही, बनावट मालात आहे. चांगल्या ब्रँडचा बॉक्स, आत कुणाचा तरी कच्चा माल.

पुण्यात सुट्या भागांचा मोठा बाजार नाना पेठेत आहे, शिवाय उपनगरांत दुकानं आणि आता ऑनलाइनही. कुठूनही घेताना हे पाहावं :

- गाडीचं मॉडेल सांगून थांबू नये. चेसिस नंबर किंवा जुन्या पॅडचा पार्ट नंबर जुळवून घ्यावा. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांना वेगळे पॅड असू शकतात.
- बॉक्सवर उत्पादकाचं नाव, एमआरपी, बॅच, होलोग्राम किंवा क्यूआर कोड आहे का? क्यूआर स्कॅन करून कंपनीच्याच वेबसाइटवर जातो का?
- मटेरियलला भेगा, कडेला तुटलेले तुकडे, प्लेटपासून सुटलेला थर दिसला तर बसवू नये.
- जीएसटी बिल घ्यावं. बिल नसेल तर पुढे तक्रार करायला हातात काहीच राहत नाही.

बनावट ब्रँड विकणं हा ट्रेडमार्क कायद्यानुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ग्राहक म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

किमतीचा मुद्दाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागू झाला. आधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. समजा पॅडची मूळ किंमत १,५०० रुपये आहे, तर २८ टक्क्यांनी ते १,९२० ला पडत होते, आता १,७७० ला. १५० रुपयांचा फरक. अस्सल आणि बनावट मालातलं अंतर त्यानं थोडं कमी होतं. जुन्या छापील किमतीनं पॅड विकले जात असतील, तर बिलावरचा कर तपासून पाहावा.

पॅड बसवताना गॅरेजमध्ये काय पाहायचं?

काम साधारण तासाभराचं आहे, पण चुका इथेच होतात.

जोडीनं बदल : एका एक्सलवरच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलायचे. एकाच बाजूचे नवे बसवले, तर जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी ओढू शकते.

हवेचा फवारा नको : जुनी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवण्याची पद्धत सर्रास दिसते. एकेकाळी ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस सर्रास वापरलं जायचं. मुंबईत घाटकोपरच्या हिंदुस्तान फेरोडोच्या कारखान्यातही ते वापरलं जात होतं. त्याचे तंतू श्वासातून गेले तर फुप्फुसांचे गंभीर आजार होतात. भारतात अॅस्बेस्टॉसवर आजही सरसकट बंदी नाही. पॅड ‘अॅस्बेस्टॉस-फ्री’ असले, तरी धातूची भुकटी श्वासात जाणं बरं नाही. ब्रेक क्लीनरनं किंवा ओल्या फडक्यानं पुसणं योग्य. यात जास्त धोका ग्राहकाला नाही, रोज तिथे काम करणाऱ्या मेकॅनिकला आणि त्याच्या हाताखालच्या पोरांना असतो.

कॅलिपर लोंबकळत ठेवू नये : तो रबरी होजवर लटकवला तर होजला आतून इजा होते. तारेनं किंवा हुकनं बांधायचा.

पिस्टन हळू मागे : नवा पॅड जाड असतो, म्हणून पिस्टन क्लॅम्पनं सावकाश मागे ढकलावा लागतो. तेव्हा टाकीतलं फ्लुइड वर येतं, ते ओसंडू देऊ नये. बॉडीवर सांडलं तर रंग उडतो. काही गाड्यांत मागे डिस्क आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असतो. तिथे आधी सर्व्हिस मोड लावावा लागतो, जबरदस्ती केली तर मोटर तुटते.

स्लाइड पिन : या जाम झाल्या की एकच पॅड झिजतो. त्या साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं. पॅडच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला मात्र ग्रीस किंवा तेलाचा हातही लागू नये.

डिस्कची जाडी : डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेली असेल, तर लेथवर घासून चालवू नये, बदलावी.

ब्रेक फ्लुइड : ते हवेतलं पाणी शोषून घेतं. कोरडं डॉट-४ फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं, तेही मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं. ‘ब्रेक ऑइल’ म्हणत असले, तरी इंजिन ऑइल त्यात चुकूनही घालू नये. त्यानं रबरी सील फुगून निकामी होतात.

व्हिडिओ पाहून घरी बदलता येतील का?

हत्यारं आणि सवय असेल तर येतात. पण फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जाऊ नये. सपाट जागा, चाकांना अडण आणि जॅक स्टँड हवेतच. बोल्ट ठरलेल्या टॉर्कनं आवळावे लागतात. यांतलं एकही नसेल, तर वाचलेली मजुरी महागात पडू शकते. मग गॅरेजमध्ये शेजारी उभं राहून काम पाहणं आणि जुने पॅड मागून घेणं, हाच शहाणा मार्ग.

पॅड बसले, आता लगेच निघायचं?

नाही. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा दाबल्यावर पेडल थेट खाली जातं. गाडी जागची हलवण्याआधी ते कडक होईपर्यंत पंप करायचं. हे विसरून गॅरेजच्या दारातच गाडी धडकल्याचे किस्से मेकॅनिक सांगतात, ते उगाच नाही.

त्यानंतर पॅड ‘बसवून’ घ्यायचे असतात. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगातून १५-२० पर्यंत मध्यम जोरानं ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं अंतर गाडी चालवून ब्रेक थंड होऊ द्यायचे. असं आठ-दहा वेळा. यामुळे पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना जोरात ब्रेक टाळावा. आज पॅड बदलून उद्या थेट ताम्हिणी किंवा बोरघाट उतरायला निघू नये.

मग प्रश्न फक्त मालकाचा आहे का?

नवले पुलाच्या उताराची रचना, तिथली वेगमर्यादा, अवजड वाहनांची तपासणी हे प्रशासनाचे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं प्रशासनानंच द्यायला हवीत. खासगी गाड्यांची १५ वर्षं तपासणीच न होणं, हाही धोरणाचा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ‘एमओटी’ चाचणी होते आणि त्यात ब्रेक तपासले जातात. आपल्याकडे अशी सक्ती आली, तर ती नवा दाखला आणि नवी रांग एवढ्यावरच थांबणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागेल.

पण नियम बदलेपर्यंत एक गोष्ट प्रत्येकाच्या हातात आहे. दर सर्व्हिसिंगला ‘ब्रेक बघा’ एवढंच न सांगता ‘पॅड किती मिलिमीटर उरलेत, ते जॉब कार्डवर लिहा’ असं सांगायचं. आकडा लिहिला की दर खेपेला झीज कळते आणि घाटात उतरण्याआधी निर्णय घेता येतो. आणि घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं.